चार धुरे आणि एक कर्ण

वसंतातल्या व्याख्यानासाठी चौकोनाचे गुणधर्म हा विषय घ्यावा, असे आम्ही सुचविले तेव्हा मित्रमंडळी हसली. हा तर आठवी-नववीच्या वर्गातला विषय. चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर भाजून निघालेला श्रोता संध्याकाळी मंडपात येतो तो काही रसाळ ऐकावयास, त्याच्यापुढे समांतरभुज चौकोन काय म्हणून ठेवावयाचा, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. परंतु या जिल्ह्याच्या पूर्वेस आणि त्याच्या कुशीतून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांतून आम्ही जे थोडेफार हिंडलो, त्यात या शाळकरी विषयाने आमची चांगलीच फजिती केली. ती फजिती सांगावी आणि तिच्या निमित्ताने चौकोनाची ओळख पुन्हा एकदा करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, म्हणजे आकृती छापण्याची गरज उरणार नाही.

वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो वनजमीन कसतो आहे, त्याला प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्रावर, मात्र चार हेक्टरांहून अधिक नाही, हक्क मिळू शकतो. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला त्याखेरीज तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. दावा ग्रामसभेकडे करावयाचा, गावच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन तो पडताळावयाचा, आणि मग तो वरच्या समित्यांकडे जावयाचा, असा हा प्रवास आहे. या साऱ्या कागदांत एक आकडा असतो : क्षेत्र इतके हेक्टर, इतके आर. ज्याच्या आजाने जंगलाच्या कडेला दगड वेचून बांधी काढली, त्याच्या दृष्टीने आयुष्यभराचा निकाल त्या एका आकड्यात असतो. आणि तो आकडा काढावयाचा म्हणजे, बहुतेक वेळा, एका वेड्यावाकड्या चौकोनाचे क्षेत्रफळ काढावयाचे.

आमची फजिती झाली ती कुरखेड्याच्या बाजूच्या एका गावी. गावातल्या तरुणांना मोजणीचे गणित दाखवावे म्हणून आम्ही गेलो होतो. फीत धरून दोन लगतच्या बांध्यांचे चारही धुरे मोजले. एक बांधी बरीचशी चौरस. दुसरी नाल्याच्या कडेने ओढल्यासारखी तिरपी. दोहोंच्या धुऱ्यांची मापे जवळजवळ सारखी, तिरपीची किंचित जास्तच. आम्ही समोरासमोरच्या धुऱ्यांची सरासरी काढली, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार केला, आणि तिरपी बांधी थोडी मोठी आहे असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले. धुऱ्यावर उकिडवे बसून ऐकत असलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "गुरुजी, या बांधीले त्या बांधीपेक्षा पऱ्हे कमी लागते. रोवणीले बायाही कमी लागतेत. मंग हे मोठी कशी?"

आम्ही पुन्हा गुणाकार करून पाहिला. गुणाकार बरोबर होता. चूक गुणाकारात नव्हती.

ती कोठे होती हे समजण्यास बांबूच्या चार कामट्या पुरतात. दोन कामट्या एका लांबीच्या, दोन दुसऱ्या लांबीच्या घ्याव्या. समान कामट्या समोरासमोर येतील अशा रीतीने टोके सुतळीने बांधून चौकट करावी आणि एका कोपऱ्यावर हळूच दाब द्यावा. चौकट कलते. कामट्यांची लांबी रतिभरही बदललेली नाही, पण आतली जागा आकुंचन पावते. दाबत गेल्यास चारही कामट्या एकमेकींना चिकटतात आणि आतली जागा शून्य होते. चार बाजू त्याच, परिमिती तीच, आणि क्षेत्रफळ मात्र भरल्या घरापासून रिकाम्या घरापर्यंत हवे ते. तीन कामट्यांच्या त्रिकोणावर हाच प्रयोग केला तर तो जागचा हलत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. आमच्या फजितीचे मूळ एवढेच. कुडाचे घर बांधणारा माणूस हे पुस्तकावाचून जाणतो. बांबूच्या चौकटीला तो एक तिरपा बांबू ठोकतो, आणि डुलणारी भिंत उभी राहते. त्या तिरप्या बांबूलाच भूमितीत कर्ण म्हणतात.

आता ती कलती चौकट जरा नीट पाहू. ती कितीही कलली तरी तिच्या समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. अशा चौकोनाला समांतरभुज चौकोन म्हणावयाचे. त्याचे गुणधर्म शाळेत यादीने पाठ करून घेतात, आणि यादी पाठ झाली की ती विसरण्यास मुले मोकळी होतात. वस्तुतः सगळी यादी एका कर्णातून निघते. अबकड हा समांतरभुज चौकोन काढा आणि अक हा कर्ण जोडा. अब आणि डक समांतर असल्यामुळे कर्णाने त्यांच्याशी केलेले व्युत्क्रम कोन समान. बक आणि अड यांच्याशी केलेलेही समान. आणि कर्ण तर दोन्ही त्रिकोणांत सामाईक. तेव्हा दोन्ही त्रिकोण एकरूप झाले. झाले, सगळे हाती आले! समोरच्या बाजू समान, समोरचे कोन समान, कर्णाने चौकोनाचे बरोबर दोन सारखे भाग केलेले. लगतच्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोन असते, हे तर बाजू समांतर असण्यातच आले. दुसरा कर्ण बड जोडला आणि दोन्ही कर्ण म बिंदूत छेदले, तर अमब आणि कमड हे त्रिकोणही त्याच रीतीने एकरूप. म्हणून दोन्ही कर्ण एकमेकांना मधोमध दुभागतात.

ही झाली जातानाची वाट. येतानाची वाट वेगळी असते आणि व्यवहारात तीच अधिक लागते. चौकोन समांतरभुज आहे हे आपल्याला आधी कोणी सांगितलेले नसते. आपल्याजवळ फीत असते, आणि ओळखावयाचे असते. समोरासमोरच्या दोन्ही जोड्या समान भरल्या तर तो समांतरभुज. दोन्ही कर्ण एकमेकांना दुभागत असले तरी समांतरभुज. बाजूंची एकच जोडी समान आणि समांतर असली तरी पुरते. येथे एक खड्डा आहे, त्यात चांगली चांगली मुले पडतात : एक जोडी समांतर आणि दुसरी जोडी समान, एवढ्याने काम भागत नाही. सुपासारखा, खाली रुंद वर अरुंद असा चौकोन ही अट पुरी करतो, आणि तो समांतरभुज नसतो.

समांतरभुज चौकोनाच्या पोटात आणखी जाती आहेत. चारही बाजू समान तो समभुज चौकोन. त्याचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. चारही कोन काटकोन तो आयत. त्याचे कर्ण समान असतात. दोन्ही गुण एकत्र आले की चौरस. खाट करणारा सुतार चार दांडे चार पायांत ठोकून झाल्यावर, नवार किंवा सुंभ विणण्यापूर्वी, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरतो, मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावतो. दोरी सारखी भरली तर खाट सरळ. घराचा पाया आखताना गवंडीही असेच करतो. काटकोन मोजण्याचे साधन त्याच्या हाती नसते, आणि त्याला त्याची गरजही नसते. समोरचे दांडे समान, तेव्हा चौकट समांतरभुज तर आहेच. कर्णही समान असल्यामुळे एका दांड्यावर उभे असलेले दोन त्रिकोण, अबक आणि बअड, तीनही बाजूंनी सारखे. म्हणून अ आणि ब हे कोन समान. आणि दोहोंची बेरीज दोन काटकोन, तेव्हा प्रत्येक काटकोन. सुताराची दोरी ही सिद्धताच आहे, फक्त ती बोलून दाखविलेली नाही. मात्र दांडे न मोजता नुसते कर्ण मोजले तर फसगत होते, कारण सुपासारख्या समद्विभुज चौकोनाचेही कर्ण समान असतात.

समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. पाया गुणिले तिरपी बाजू नव्हे. एका टोकाला बाहेर गेलेला त्रिकोणी तुकडा कापून दुसऱ्या टोकाला लावला की आयत होतो, त्यावरून हे दिसते. चौकट कलते तेव्हा बाजू तीच राहते, पण उंची उतरते. म्हाताऱ्याला पऱ्हे कमी लागत होते ते या उतरलेल्या उंचीमुळे.

आमच्यासारखी फजिती आजची नाही, याचा आम्हांस पुढे थोडा दिलासा वाटला. समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार ही रीत फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. ईजिप्तमध्ये एडफू येथील देवळाच्या भिंतींवर देवस्थानाच्या जमिनींची मापे कोरलेली आहेत, ती याच रीतीने काढलेली. इतकेच नव्हे, तर त्रिकोणी तुकड्याची चौथी बाजू ‘काही नाही’ असे मानून त्यालाही तोच नियम लावलेला आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात ही रीत दिली, पण तिच्यावर ‘स्थूल’ अशी चिठ्ठी लावूनच दिली. सूक्ष्म फळासाठी त्याने दुसरी रीत सांगितली : चारही बाजूंच्या बेरजेचे अर्ध घ्यावे, त्यातून एकेक बाजू वजा करावी, चारही बाक्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. ही रीत अप्रतिम आहे, परंतु ती लागू पडते ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनालाच. शेतकऱ्याची बांधी वर्तुळावर बसविलेली नसते.

यावर नेमके बोट ठेवले ते भास्कराचार्यांनी, ११५० च्या लीलावतीत. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. तेव्हा हा आपल्या घरचाच गुरू. भास्कराचार्यांचे म्हणणे असे की, चौकोनाची स्थिती मुळात अनिश्चित आहे. लंब किंवा कर्ण यांपैकी एक तरी न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो विचारणारा पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच. कुरखेड्याच्या त्या बांधीवर विचारणारे गावकरी होते आणि उत्तर देणारे आम्ही.

त्यांची उदाहरणे आजही तशीच्या तशी उपयोगी पडतात. प्रत्येक बाजू २५ असलेला समभुज चौकोन घ्या. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ धरला तर दुसरा ४८, आणि क्षेत्रफळ अवघे ३३६. दोन्ही कर्ण समान धरले म्हणजे चौरस झाला, क्षेत्रफळ ६२५. परिमिती तिन्ही वेळा शंभरच! दुसरे उदाहरण विषम चौकोनाचे आहे : पाया ६०, माथा २५, आणि बाजूच्या भुजा ५२ व ३९. पूर्वीच्या गणितींनी याचे कर्ण ५६ आणि ६३ असे ठरवून टाकले होते. भास्कराचार्य विचारतात, याच बाजूंचे दुसरे कर्ण सांगा. आणि पाया व माथा समांतर असतील असाही चौकोन सांगा. हा चौकोन आपण बांधी समजू आणि मापे मीटरमध्ये घेऊ. कर्ण ५६ असेल तर क्षेत्रफळ १७६४ चौरस मीटर, म्हणजे १७.६४ आर, वर्तुळावर बसणारा तो हाच, म्हणून ब्रह्मगुप्ताच्या वर्गमुळानेही १७६४ च येते. पाया आणि माथा समांतर केले तर सुमारे १६५७. ५६ चा कर्ण दाबून ३२ केला तर सुमारे १२३०. आणि सरासऱ्यांची आमची रीत काय सांगते? ४२.५ गुणिले ४५.५, म्हणजे १९३३.७५. यांपैकी एकाही बांधीचे ते क्षेत्र नव्हे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण तिच्यातच खरी गोम आहे. स्थूल रीत कधी जास्त सांगते, कधी कमी, आणि वर्षाकाठी हिशेब जुळतो, असे मुळीच नाही. ती नेहमी जास्तच सांगते. बरोबर सांगते ती फक्त आयताच्या बाबतीत. कारण सोपे आहे. दोन ठरलेल्या बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्या बाजू काटकोनात असतील तेव्हा सर्वांत अधिक, म्हणजे त्यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते; एरवी त्याहून कमीच. आता चौकोन एका कर्णाने कापा : दोन्ही त्रिकोण मिळून, लगतच्या बाजूंच्या दोन गुणाकारांच्या बेरजेच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत. दुसऱ्या कर्णाने कापा : उरलेल्या दोन जोड्यांच्या बाबतीतही तेच. दोन्ही विधाने मिळवून निम्मी केली की सरासऱ्यांचा गुणाकार ही क्षेत्रफळाची वरची मर्यादा ठरते. आम्ही जो आकडा शेतकऱ्याला सांगितला, तो त्याच्या बांधीचे क्षेत्रफळ नव्हते. ती बांधी फार तर केवढी असू शकेल, याची ती कमाल होती.

याचा परिणाम पाहा. जमिनीवर सारा आकारला जातो तेव्हा या रीतीने कसणाऱ्याच्या माथी नसलेली जमीन बसते आणि त्याला नसलेल्या जमिनीचा पैसा भरावा लागतो. वनहक्काच्या दाव्यात उलटे घडते. गावात फितीने मोजून सरासरीने काढलेला फुगलेला आकडा दाव्यात जातो. पुढे यंत्राने किंवा नकाशावर मोजणी होते तेव्हा तो खाली येतो. आणि शेतकऱ्याची समजूत अशी होते की मधल्या कोणीतरी आपली जमीन खाल्ली. कधी खाल्लीही असेल, तो प्रश्न वेगळा. पण जी जमीन कधी नव्हतीच तिच्यासाठी तो हेलपाटे घालतो, आणि त्या गडबडीत जी खरोखर राहून गेली असेल तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. उपग्रहाच्या साहाय्याने स्थान दाखविणारे हातयंत्र आले म्हणून ही अडचण मिटली असेही नाही. दाट झाडीखाली ते यंत्र काही मीटर इकडेतिकडे दाखवू शकते. शेदोनशे हेक्टरांच्या जंगलाची सीमा काढताना ते खपून जाईल. पंधरा-वीस आरांच्या बांधीला चार मीटरांची चूक फार होते. लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये जो सामूहिक हक्क मिळाला, तो सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा. तेथे चौकोनाचे काय काम? एकट्या कुटुंबाच्या बांधीचे तसे नाही. तेथे फीत आणि कर्ण ही अजून मोलाची हत्यारे आहेत.

बांध्या अशा वेड्यावाकड्या का असतात, असे शहरातल्या माणसाला वाटते. देशावरच्या काळ्या रानासारखे लांब सरळ पट्टे काढावयास काय हरकत होती? हरकत पाण्याची आहे. धानाच्या मुळाशी पाणी उभे राहावयास हवे, आणि पाणी उभे राहते ते सपाटीवर. म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीने जाणारे धुरे घालावे लागतात. जमीन जशी वळते तसा धुराही वळतो. एक आडवा धुरा वर, एक खाली, आणि त्यांना जोडणारे दोन धुरे उताराच्या दिशेने, अशी बांधी तयार होते; वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत उतरते, आणि वर कोठेतरी मालगुजारीच्या काळातला तलाव असतो. वरचा आणि खालचा धुरा एकमेकांना साधारण समांतर असतो, पण लांबीने क्वचितच सारखा. म्हणजे धानाच्या मुलखातली नमुनेदार आकृती समांतरभुज नव्हे, समलंब चौकोन आहे. त्याचे क्षेत्रफळ समांतर धुऱ्यांची सरासरी गुणिले त्यांच्यातले काटकोनी अंतर. येथेही मोह होतो तो जोडणारा तिरपा धुराच मोजण्याचा, कारण तो पायाखाली असतो. काटकोनी अंतर चिखलातून मोजावे लागते. उन्हाळ्यात मोजणी करावी हे बरे.

परंतु समांतर आहे की नाही याचा वाद कशाला? कोणत्याही बांधीला चालेल अशी रीत कर्णाची. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि ती मोजावी. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीपर्यंत लंब मोजावे. दोन्ही लंबांची बेरीज गुणिले कर्ण, आणि त्याचे निम्मे. आपल्या १७६४ च्या बांधीत कर्ण ५६, लंब ४८ आणि १५; बेरीज ६३; ५६ गुणिले ६३, भागिले २. लंब नेमका कोठे पडतो हे शोधण्यास यंत्र लागत नाही. फितीचे एक टोक कोपऱ्यात धरून दुसरा माणूस फीत ताठ ठेवून दोरीवरून पुढेमागे सरकतो. जेथे माप सर्वांत कमी भरते तो लंब. एक पथ्य मात्र पाळावे. एखाद्या बांधीचा एक कोपरा आत वळलेला असतो. तेथे जो कर्ण बांधीच्या आतूनच जातो तोच घ्यावा, नाहीतर शेजाऱ्याच्या जमिनीचा तुकडा आपल्या हिशेबात येतो आणि भांडणाला नवे कारण मिळते. आणि उतारावर फीत जमिनीला चिकटवून मोजू नये. आडवी, पातळीत धरून पायरीपायरीने उतरावे, कारण नकाशावर जमीन आडवीच मोजली जाते.

गावातल्या शाळेची मुले आमच्या मागे होतीच. मोठ्यांचा हिशेब चालला असता त्यांना गप्प कसे बसवावे म्हणून आम्ही एक खेळ दिला. हव्या त्या बांधीच्या चारही धुऱ्यांच्या मध्यावर खुंटी ठोका, आणि खुंट्यांभोवती सुतळी फिरवा. आत एक नवा चौकोन होतो. बांधी कितीही वाकडी असो, आतला चौकोन समांतरभुजच निघतो, आणि बांधीच्या बरोबर निम्म्या क्षेत्राचा. मुलांनी तीन बांध्यांवर करून पाहिले, मग मुद्दाम शोधून काढलेल्या सर्वांत विद्रूप बांधीवर केले, आणि तेथेही समोरच्या सुतळ्या समान भरल्या तेव्हा मास्तरांनी खुंट्यांना काही केले असावे अशा संशयाने आमच्याकडे पाहिले. हे प्रमेय वारिन्यो या फ्रेंच गणितीच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये ते छापले गेले. कारण पुन्हा कर्णातच आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्य जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते. बांधीचा एक कर्ण मनाने काढला की त्याच्या दोन्ही अंगांच्या दोन सुतळ्या त्याला समांतर आणि त्याच्या निम्म्या झाल्या. म्हणजे एकमेकींना समांतर आणि समान. बाजूंची एकच जोडी अशी असली तरी पुरते, हे वर आलेच आहे. या प्रमेयाचा मोजणीत म्हणण्यासारखा उपयोग आम्हांला आढळला नाही. ते सुंदर आहे एवढेच.

तिरपी बांधी आम्ही कर्ण धरून पुन्हा मोजली. ती शेजारच्या बांधीहून पाचव्या हिश्श्याने लहान निघाली. "काकाजी, तुमचे पऱ्हेच बरोबर होते," असे आम्ही म्हाताऱ्याला सांगितले. त्याला त्याचे विशेष काही वाटल्याचे दिसले नाही; त्याला ते आधीपासून ठाऊक होते. त्याचे लक्ष पलीकडे, मोहाच्या झाडाखालच्या बांधीकडे होते. तिला पाच कोपरे होते, आणि तिचे किती भरते हे त्याला हवे होते. दोन कर्ण टाकले की तीन त्रिकोण होतील, असे आम्ही म्हणालो. एका पोराने दोरीचा गुंडाळा उचलला आणि आम्ही धुऱ्यावरून तिकडे निघालो.